घुमतंय ते टायर की बेअरिंग?

खंबाटकी घाट चढताना पहिल्यांदा शंका आली. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली आमची सात वर्षांची हॅचबॅक शिरवळपासून दबक्या आवाजात घुमत होती, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी. घाटात डाव्या वळणाला आवाज जवळजवळ गप्प व्हायचा आणि उजव्या वळणाला पुन्हा सुरू व्हायचा. “टायर गेलेत,” बायको म्हणाली. वाटेतल्या टायरवाल्यानंही तळहात फिरवून तेच सांगितलं. दोन नवे टायर चढवले. परतताना बोगद्यात काच खाली केली, तर भिंतींवर आपटून तोच आवाज कानात शिरत होता. दोष निघाला पुढच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगचा, आणि ते बेअरिंग एका टायरपेक्षाही स्वस्त होतं.

नंतर चार ठिकाणी विचारलं तेव्हा कळलं की हा माझा एकट्याचा मूर्खपणा नाही. बेअरिंगचा आवाज टायरवर ढकलला जातो आणि टायरचा बेअरिंगवर. ड्राइव्ह शाफ्टची टकटक, लोअर आर्मची खडखड, ब्रेक पॅडची घासाघीस हे सगळं चाकाच्या त्याच वीतभर जागेतून येतं, त्यामुळे गल्लत व्हायचीच. त्यात आजची हबं पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली असली तरी ती सीलबंद आहेत. त्यांची देखभाल करता येत नाही. म्हणून ती ऐकता येणं हीच त्यांची एकमेव देखभाल उरली आहे, असं माझं मत झालं आहे.

हब म्हणजे चाकाची नाभी. बैलगाडीत तिला तुंबा म्हणतात. मधोमध लाकडाचा जाड गोळा, त्यात ठोकलेले आरे, आरपार भोक, भोकात आख आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ. एक भाग फिरणार आणि दुसरा स्थिर राहणार, म्हणजे घासणं आलंच. म्हणून वंगणाची नळी गाडीलाच टांगलेली असायची. दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि कैकेयीनं तिथं स्वतःचा हात घातला, ही कीर्तनात रंगवून सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे हबच्या बिघाडाचीच गोष्ट. त्या दुरुस्तीचं बिल पुढे अयोध्येला केवढ्याला पडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घासण्याऐवजी गडगडू द्यावं, ही बेअरिंगमागची युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदारानं १७९४ मध्ये घोडागाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. १८६९ च्या पॅरिस–रुआँ सायकल शर्यतीत जेम्स मूर जिंकला तो बॉल बेअरिंग बसवलेल्या सायकलवर. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रिडरिश फिशरनं पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र बनवलं आणि खरा प्रश्न सुटला, कारण एक गोळी जरी केसभर मोठी असली तरी सगळा भार तिच्यावरच येतो. हेन्री टिमकेन हा अमेरिकेतला घोडागाड्या बांधणारा. त्यानं १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे चिंचवडला एसकेएफ, जयपूरला एनबीसी, जमशेदपूरला टिमकेन अशी नावं या धंद्यात आहेत.

ज्यांचं बालपण सायकलवर गेलं त्यांनी हब उघडलेलं पाहिलेलं असतं. ओव्हरहॉलिंगला सायकल टाकली की दुकानातला पोऱ्या जर्मनच्या ताटलीत रॉकेल ओतून छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, धुवायचा, कपात बोटानं ग्रीस थापून एकेक छर्रा बसवायचा आणि वरून कोन फिरवायचा. कोन जास्त आवळला तर चाक जड, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. मधली जागा पान्याला कळत नसे, हातालाच कळायची. जुनी जीप, ट्रक, ट्रॅक्टर यांची हबं याच जातीची. समोरासमोर बसवलेली दोन टेपर बेअरिंगं, वर नट आणि नटातून स्प्लिट पिन. मिस्त्री चाक फिरवत फिरवत नट आवळतो, मग थोडा मागे घेतो आणि पिन दुमडतो. ठरावीक किलोमीटरनंतर पुन्हा उघडा, धुवा, ग्रीस भरा. काम घाणेरडं, पण त्या निमित्तानं बेअरिंग डोळ्यांखालून जायचं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि हे चित्र बदललं. ड्राइव्ह शाफ्ट हबच्या मधूनच जाऊ लागला, आणि दोन सुट्या बेअरिंगांच्या जागी दोन ओळी छर्ऱ्यांचं एकच सीलबंद बेअरिंग आलं. हे नकलमध्ये, म्हणजे चाक ज्या बिडाच्या तुकड्यावर उभं असतं त्यात, प्रेसवर दाबून बसवतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांत अजून हीच पद्धत आहे. पुढच्या पिढीत छर्रे ज्यांच्यामध्ये धावतात त्या दोन कड्यांपैकी एक आणि हब एकजीव झालं. त्यानंतरच्या पिढीत दोन्ही कड्यांना फ्लँज आले, आणि अख्खं युनिट चार बोल्ट काढून बदलता येऊ लागलं. प्रेस नको, ठोकाठोकी नको. फक्त किंमत जास्त. लहान गाड्यांच्या मागच्या चाकात बेअरिंग अनेकदा ब्रेकच्या ड्रममध्येच बसवलेलं असतं.

एबीएस आल्यावर बेअरिंगला आणखी एक काम लागलं. अनेक गाड्यांत त्याच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीनं मांडलेली. शेजारचा सेन्सर ते ध्रुव मोजून चाकाचा वेग ठरवतो. असं बेअरिंग उलटं दाबलं गेलं तर चाक छान फिरतं, आवाजही येत नाही, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो आणि मालक इलेक्ट्रिशियनकडे खेपा घालत बसतो. चुंबक दाखवणारं छोटं कार्ड मिळतं, त्यानं बाजू ओळखता येते. गॅरेजमध्ये असं कार्ड दिसलं तर मिस्त्री कामाचा आहे असं समजायला हरकत नाही.

आता झिजेकडे. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर जेमतेम दोन मीटर असतो. म्हणजे किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे, आणि लाख किलोमीटरला पाच कोटींच्या वर. एवढ्या फेऱ्यांत गाडीचा भार छर्रा आणि कडी यांच्या ज्या ठिपक्यांवर तोललेला असतो ते प्रत्येकी मोहरीच्या दाण्याएवढे. पोलाद तिथं रोज दबतं आणि सुटतं. दबून-सुटून थकलं की पृष्ठभागाच्या किंचित खाली सूक्ष्म तडा जातो आणि एक दिवस वरची खपली निघते. ती खपली ग्रीसमध्ये फिरते, पुढच्या छर्ऱ्याखाली चिरडते आणि नव्या खपल्या काढते. एका ओळीत साधारण डझन ते दीड डझन छर्रे असतात. ८० च्या वेगाला त्यातले सेकंदाला साठ-सत्तर त्या खड्ड्यावरून उड्या मारतात. एवढे ठोके सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा मिळून घुमारा होतो. बेअरिंग घुमतं ते असं.

किती किलोमीटरला बदलायचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याला सरळ उत्तर नाही. १९४७ मध्ये लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी आयुष्याचं जे गणित मांडलं, तेच शक्यतेचं आहे. एकसारखी १०० बेअरिंगं सारख्या भाराखाली चालवली, तर ज्या फेऱ्यांपर्यंत ९० टिकतात तो आकडा आयुष्य म्हणून छापायचा. उरलेली दहा आधीच गेलेली असतात आणि कित्येक त्याच्या अनेक पट चालतात. त्यामुळे शेजाऱ्याचं दीड लाख चाललं आणि आपलं साठ हजारांत गेलं, यात कंपनीची लबाडी असेलच असं नाही. त्याच गणितातला दुसरा भाग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. पाच जणांच्या गाडीत सात जण आणि टपावर आंब्याच्या पेट्या लादणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रुबाबासाठी स्पेसर लावून चाकं बाहेर काढणाऱ्यांनीही, कारण वजन तेवढंच राहिलं तरी तरफ लांबते आणि बेअरिंगला ती भारासारखीच जाणवते.

पण आपल्या रस्त्यांवर बेअरिंग अशा म्हातारपणानं क्वचितच मरतं. त्याला मारतात खड्डा आणि पाणी. वेगात चाक खड्ड्यात आदळलं की छर्रे कडीवर दाबाचे ठसे उमटवतात. पोलादाचा कठीणपणा गोळी दाबून मोजण्याची पद्धत स्वीडनच्या ब्रिनेलनं १९०० मध्ये दाखवली, म्हणून या ठशांना ब्रिनेलिंग म्हणतात. याचं एक फसवं भावंडही आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेनं पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांची चाकांची बेअरिंगं पोचेपर्यंत खराब झालेली आढळत. चाक न फिरता नुसतं थरथरत राहिलं की छर्रा एकाच जागी घासतो, तिथलं ग्रीस बाजूला होतं आणि ठशासारखाच खळगा पडतो. तेवढंच अंतर रस्त्यानं चालवत नेलं असतं तर त्यांना काही झालं नसतं.

पाण्याचा मार्ग जास्त चोरटा. गाडीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो. म्हणजे टायर निम्मा बुडाला की बेअरिंग पाण्यात गेलं. नुकतंच ब्रेक मारून तापलेलं हब थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांची इंजिनं आणि सीट सगळ्यांनी पाहिली. हब कोण बघतो? पाणी शिरल्या दिवशी काही कळत नाही. आधी ग्रीस दुधाळ होतं, मग कडीला गंज धरतो, मग गंजाचे कण छर्ऱ्यांखाली येतात. पावसाळ्यात शिरलेलं पाणी दिवाळीत बोलायला लागतं. सर्व्हिस सेंटरवर चाकाच्या मधोमध जेटचा फवारा धरून बसणारे हेच काम सावकाशीनं करत असतात.

ओळखायचं कसं? पहिली परीक्षा गाडीच्या आतूनच होते. रेडिओ आणि एसी बंद करा. मोकळा, सपाट रस्ता बघून ६० चा वेग घ्या आणि क्लच दाबा. इंजिनाची गती खाली येते. आवाजही त्याबरोबर उतरला तर तो चाकाचा नाही. आवाज तसाच राहून गाडी मंदावेल तसा उतरत गेला, तर तो फिरणाऱ्या चाकाचा. मग रस्ता बदलून पाहा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर चांगल्या गाडीचे टायरही गातात. डांबरावर येताच आवाज पार कमी झाला किंवा त्याचा सूरच बदलला तर संशय टायरवर. बेअरिंगला रस्त्याच्या पोताशी फारसं देणंघेणं नसतं.

टायरचा आणखी एक पुरावा हाताला लागतो. टायरच्या कडेवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडून टायर दातेरी झिजला आहे, आणि असा टायर थेट बेअरिंगसारखा घुमतो. मग पुढची चाकं मागे, मागची पुढे करा. आवाजानं जागा बदलली तर गुन्हेगार टायर. माझ्या टायरवाल्यानं एवढं केलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पण टायर विकायला बसलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशाला करायची?

वळणाची परीक्षा सगळ्यात कामाची. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणाला घुमारा वाढला आणि डाव्या वळणाला कमी झाला, तर बहुधा डावं बेअरिंग. ‘बहुधा’ मुद्दाम लिहिलं, कारण बेअरिंगमध्ये दोन ओळी असतात आणि आतली ओळ बिघडली असेल तर क्वचित उलटंही ऐकू येतं. शिवाय पत्र्यातून आवाज असा फिरतो की मागचं चाक पुढून ओरडल्यासारखं वाटतं. म्हणून शेवटचा निकाल चाक उचलूनच लावायचा.

गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नका. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा सैलपणा, गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा आर्मचा. फक्त नऊ-तीनला धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड एंड तपासा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हबच्या आत-बाहेर हलण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती डायल गेजशिवाय मोजता येत नाही. त्यामुळे हाताला स्पष्ट हललेलं कळलं म्हणजे मर्यादा कधीच ओलांडली आहे. उलट प्ले नाही म्हणून बेअरिंग ठणठणीत आहे असंही नाही. घुमणाऱ्या बेअरिंगांपैकी कित्येक तिळमात्र हलत नाहीत.

अशी न हलणारी बेअरिंगं ओळखण्यासाठी आमच्या मिस्त्रींनी मला जे करून दाखवलं ते कुणालाही जमेल. त्यांनी सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर माझी बोटं ठेवली आणि दुसऱ्या हातानं चाक सावकाश फिरवलं. “बघा साहेब, वाळू.” खरंच, स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांत येत होती. उजव्या चाकाला तेच केलं तर नुसतं रेशीम. मग त्यांनी बेअरिंग प्रेसवर काढून कडी पुसली. आरशासारख्या चकचकीत वाटेवर मुगाच्या डाळीएवढा एक करडा खळगा होता. कडेचं ग्रीस गंजानं तांबूस झालेलं. एवढ्याशा डाळीनं आम्हाला शिरवळपासून छळलं होतं.

बाकीच्या खुणा थोडक्यात. स्टिअरिंग विशिष्ट वेगालाच थरथरतं ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगमुळे. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टकटक येते ती ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची. त्याचा रबरी बूट फाटलेला आहे का बघा. प्रवासानंतर एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, दोन्ही शक्य. हब डगमगायला लागलं की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं. ही खूण दिसली तर मात्र गाडी तिथंच थांबवावी. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यानं घुमारा लवकर कानावर येतो. बॅटरीचं वजन वाहणाऱ्या बेअरिंगांना निदान एवढा तरी न्याय मिळतो.

आवाज आला म्हणून चाक उद्याच निखळत नाही. घुमणारी पण न हलणारी बेअरिंगं घेऊन लोक महिनोन्महिने फिरतात. मी त्याचा सल्ला देणार नाही, पण भीतीही घालणार नाही. नुसता आवाज असेल तर त्या आठवड्यात काम करून घ्यावं. प्ले, उष्णता किंवा एबीएसचा दिवा यांपैकी काही सोबत असेल तर घाट उतरायचा विचार सोडावा. एक गेलं म्हणून दुसऱ्या बाजूचंही बदला, असा आग्रह होतो. दुसरं शांत असेल तर मला तो खर्च पटत नाही. आणि सीलबंद बेअरिंगमध्ये “ग्रीस भरून देतो” म्हणणाऱ्याला रामराम ठोकावा.

नवं बेअरिंग लवकर जातं त्याला बसवणारा पुष्कळदा कारण असतो. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कडीवर हवा, हब आत घालताना आतल्या कडीला आधार हवा. उलट झालं की सगळा दाब छर्ऱ्यांतून जातो आणि गाडी गॅरेजबाहेर पडायच्या आत ठसे उमटलेले असतात. हातोड्यानं ठोकून बसवणं म्हणजे खड्ड्याचं काम गॅरेजमध्येच उरकणं. बाजारात बनावट डबेही आहेत. एसकेएफ, शेफलर या कंपन्यांनी मालाची खातरजमा करण्यासाठी मोबाइल अ‍ॅप काढली आहेत. डबा फोडण्याआधी दोन मिनिटं घालवायला हरकत नाही.

शेवटचा मुद्दा एक्सल नटचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावरच्या नटचा. या बेअरिंगांना आतून हवा तेवढा ताण हा नटच देतो. लहान गाड्यांत तो साधारण २०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगावं तेवढा. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो आणि तो टॉर्क रेंचनंच साधतो, पाइप घालून लोंबकळून नाही. नट पुरता आवळल्याशिवाय गाडी चाकांवर उतरवू नये. एकदा काढलेला नट पुन्हा वापरू नये, असं बहुतेक कंपन्या सांगतात. म्हणून बिल हातात आलं की बेअरिंगच्या खाली एक्सल नटची वेगळी ओळ आहे का, तेवढी बघा. नसेल तर पैसे देण्याआधी विचारा, कारण बहुधा जुनाच नट परत चढलेला असतो.